पारंपरिक लाँगबोसाठी कार्बन बाण निवडताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कार्बन बाणांचे तक्ते बहुतेक वेळा कंपाउंड (चाकं असलेलं आधुनिक धनुष्य) किंवा ऑलिम्पिक रिकर्व्ह (टोकं पुढे वळलेलं) धनुष्य डोळ्यांसमोर ठेवून केलेले असतात. लाँगबोवाला, म्हणजे जुन्या घडणीचं लांब, सरळ धनुष्य वापरणारा, त्यात आपला आकडा शोधतो आणि हमखास गरजेपेक्षा कडक आणि हलका बाण घेऊन बसतो. खालची बरीचशी उत्तरं याच एका चुकीभोवती फिरतात, कारण ती मीही केली आहे. सगळं उजव्या हाताने दोरी ओढणाऱ्यांसाठी लिहिलंय. डावखुऱ्यांनी डावं-उजवं उलट करून वाचावं.

लाँगबोवर कार्बन बाण चालतात का?

चालतात. बाणाचं वजन आणि लवचीकपणा जमला, की तो लाकडाचा आहे की कार्बनचा याचं धनुष्याला काही सोयरसुतक नसतं. अडचण असते ती नियमांची. वर्ल्ड आर्चरी या जागतिक संघटनेच्या फील्ड (रानावनातल्या) आणि ३-डी (प्राण्यांच्या पुतळ्यांवरच्या) स्पर्धांमध्ये लाँगबो गटात बाण लाकडाचेच लागतात, पिसंही नैसर्गिकच. इतर संघटनांचे गट आणि नियम वेगवेगळे आहेत, म्हणून स्पर्धेत उतरायचं असेल तर आधी त्या गटाची नियमावली वाचा आणि मगच पैसे खर्च करा. फक्त सरावासाठी, आनंदासाठी बाण सोडणाऱ्याला कुणाची परवानगी लागत नाही.

मग लाकूड सोडून कार्बन घ्यायचा तो कशासाठी?

सारखेपणासाठी. लाकडाच्या डझनभर बाणांमध्ये एक-दोन तरी थोडे जड, थोडे मऊ निघतात. एकेक काडी मोजून, तोलून जोड्या लावाव्या लागतात. कार्बनचे बारा शाफ्ट (बाणाच्या नुसत्या काड्या) एकाच साच्यातून आल्यासारखे असतात. पावसाळी हवेत ते वाकत नाहीत, दगडाला हलके चाटून गेले तर लगेच मोडत नाहीत, आणि वाकल्यावर फार लवकर सरळ होतात. हा शेवटचा गुण लाँगबोवर विशेष उपयोगी पडतो. का, ते पुढे येईलच.

तोटे दोन. एक, कार्बन हलका असतो आणि लाँगबोला हलका बाण मानवत नाही. दोन, लाकूड मोडतं तेव्हा दिसतं. कार्बन आतून तडकतो आणि वरून शहाण्यासारखा दिसत राहतो. या दुसऱ्या मुद्द्यावर खाली वेगळा प्रश्न आहे, तो वगळू नका.

शाफ्टवर ५००, ६०० असे आकडे असतात. ते नेमके काय सांगतात?

तो स्पाइन, म्हणजे शाफ्ट किती वाकतो त्याचं माप. शाफ्ट २८ इंच अंतरावरच्या दोन टेकूंवर आडवा ठेवतात, बरोबर मध्ये ८८० ग्रॅम (१.९४ पाउंड) वजन टांगतात आणि तो किती खाली येतो ते बघतात. अर्धा इंच, म्हणजे ०.५०० इंच आला, तर तो ५०० चा शाफ्ट. ०.६०० इंच आला तर ६०० चा. त्यामुळे आकडा मोठा तेवढा शाफ्ट मऊ. नवख्याचा गोंधळ इथेच होतो, कारण मोठा आकडा म्हणजे काहीतरी दणकट असं मनात असतं.

लाकडी बाणवाले मात्र पाउंडात बोलतात. त्यांची मोजणी जुनी: टेकूंमध्ये २६ इंच अंतर, वजन २ पाउंड, आणि २६ ला वाकण्याच्या इंचांनी भागायचं. ०.५२ इंच वाकला तर २६ भागिले ०.५२, म्हणजे ५० पाउंडांचा बाण. हे बाणाचं वजन नव्हे, वाकण्याचंच माप. दोन पद्धतींत टेकूंमधलं अंतरही वेगळं आणि वजनही वेगळं, त्यामुळे आकडे सरळ एकमेकांशी जुळवता येत नाहीत. हिशोब केला तर ५०० चा कार्बन लाकडी मोजणीत जवळपास ६३ पाउंडांचा निघतो, आणि ५० पाउंडांचा लाकडी बाण कार्बनच्या भाषेत साधारण ६३० चा. '५० पाउंडांचं धनुष्य, म्हणून ५०० चा शाफ्ट' हे ऐकायला छान जुळतं, पण त्यामागे गणित नाही, आकड्यांचा योगायोग आहे.

काही कंपन्या शाफ्टवर हा आकडा छापतच नाहीत. गोल्ड टिपच्या जुन्या पद्धतीत ३५५५ म्हणजे ५०० आणि ५५७५ म्हणजे ४००. अशा वेळी कंपनीचा तक्ता उघडून खरा स्पाइन बघावा.

लाँगबोला इतरांपेक्षा मऊ बाण का लागतो?

कारण बाणाच्या वाटेत धनुष्य उभं असतं.

कंपाउंडमध्ये किंवा आधुनिक रिकर्व्हमध्ये मूठ मधोमध, कधी त्याच्याही पलीकडे कापलेली असते. त्यामुळे बाण दोरीच्या रेषेत बसतो. जुन्या घडणीच्या लाँगबोला असा काप नसतोच. बाण मुठीच्या डाव्या अंगाला, हाताच्या बोटावर टेकतो. पूर्ण ओढलेल्या स्थितीत बाणाचं टोक लक्ष्याच्या थोडं डावीकडे बघत असतं. दोरी सुटते तेव्हा ती धनुष्याच्या मध्याकडे धावते आणि बाणाच्या शेपटाला सोबत नेते. बाण ताठ काठीसारखा असता तर लाकडाला घासून सरळ डावीकडे गेला असता. तो जात नाही, कारण धक्क्याने तो वाकतो, मुठीला वळसा घालतो, पुढे जाऊन उलट बाजूला वाकतो आणि हलत हलत सरळ होतो. यालाच तिरंदाजाचा विरोधाभास म्हणतात. १९३० च्या दशकात भौतिकशास्त्रज्ञ क्लॅरेन्स हिकमन यांनी अतिवेगवान चित्रण करून हे वाकणं स्पष्ट दाखवलं. डोळ्यांना ते दिसत नाही, फक्त बाण सरळ गेला एवढंच दिसतं.

आता शाफ्ट फार कडक असेल तर वळसा अपुरा पडतो आणि बाण डावीकडे लागतो. फार मऊ असेल तर जास्त वाकून उजवीकडे जातो. धनुष्याची मूठ जितकी रुंद आणि काप जितका कमी, तितका वळसा मोठा, तितका शाफ्ट मऊ हवा. म्हणून एकाच ताकदीच्या दोन लाँगबोंना दोन वेगळे स्पाइन लागू शकतात. एकाला खोल शेल्फ (मुठीच्या वर बाण टेकायची कापलेली जागा) असतो, दुसऱ्याला शेल्फच नसतो.

कार्बन लवकर सरळ होतो असं वर म्हटलं ते इथे कामाला येतं. मुठीजवळून निसटल्यावर त्याचं हेलकावणं लवकर शमतं आणि पिसांना सावरायला कमी कष्ट पडतात.

माझ्या धनुष्यावर ४५ पाउंड लिहिलंय. तोच आकडा धरू ना?

नाही. तो आकडा म्हणजे दोरी ओढून धरायला लागणारा जोर, आणि तो २८ इंच ओढल्यावरचा असतो, आणि हे २८ इंच मोजायची पद्धतही ठरलेली आहे: मुठीच्या सर्वांत खोल बिंदूपासून नॉकच्या (बाणाच्या शेपटाला दोरीत अडकणाऱ्या टोपीच्या) खाचेपर्यंतचं अंतर, अधिक पावणेदोन इंच. तुम्ही २६ इंचच ओढत असाल तर हातात ४५ येत नाहीत. मधल्या ताकदीच्या धनुष्यांत दर इंचाला दोन ते तीन पाउंड कमी-जास्त धरावेत. म्हणजे तुमच्या बोटांवर ४० च्या आसपास येत असतील.

लाँगबोवाले रिकर्व्हवाल्यांपेक्षा बहुधा कमी ओढतात. डोकं थोडं पुढे झुकलेलं, कोपर थोडं वाकलेलं, ओढ गालाच्या कोपऱ्यापर्यंत. आधी रिकर्व्ह वापरत असाल तर तिथली ओढीची लांबी इथे तशीच लागू होईल असं समजू नका. एका लांब, न कापलेल्या शाफ्टवर दर इंचाला खुणा करा, तो लावून नेहमीसारखं ओढा आणि दुसऱ्या कुणाला तरी खूण वाचायला सांगा. स्वतः वाचायला गेलात तर मान हलते आणि माप चुकतं. शक्य असेल तर ताणकाटा लावून त्याच लांबीवर वजनही मोजा.

बरं, ते मोजलं. आता सांगा, कोणता स्पाइन घेऊ?

खालचे आकडे सुरुवात कुठून करायची एवढंच सांगतात. गृहीत धरलंय ते असं: शाफ्ट २९ ते ३० इंच, पॉइंट (बाणाचं पुढचं धातूचं टोक) १२५ ते १५० ग्रेन (वजनाचं बारीक माप), धनुष्याला शेल्फ आहे पण तो मधोमध कापलेला नाही.

बोटांवर ३० ते ३५ पाउंड येत असतील तर ७०० किंवा ८००. ३६ ते ४२ असतील तर ६००. ४३ ते ५० ला ५००, आणि त्यातल्या खालच्या टोकाला असाल तर ६०० बघायला हरकत नाही. ५० च्या वर, ६० पर्यंत, ५०० आणि ४०० च्या सीमेवर खेळ चालतो. तिथे पॉइंटच्या वजनावर निर्णय होतो. शेल्फच नसलेलं, हातावरून बाण सोडायचं धनुष्य असेल तर प्रत्येक ठिकाणी एक पायरी मऊ. ५० पाउंडांच्या अशा धनुष्यावर मी ६०० पासून सुरुवात करेन.

दोरीही विचारात घ्या. डॅक्रॉनची (पॉलिएस्टर धाग्याची) दोरी ताणते आणि धक्का मऊ देते. कमी ताणणारी आधुनिक दोरी तोच धक्का जोरात देते, तेव्हा शाफ्ट थोडा कडक लागतो. मात्र अशी दोरी तुमच्या धनुष्याला चालते का, हे बनवणाऱ्याला विचारल्याशिवाय चढवू नका. जुन्या धनुष्यांची टोकं त्यासाठी केलेली नसतात.

दोन स्पाइनमध्ये मन अडकलं तर मऊ घ्या. हे अनेकांना उलटं वाटतं. पण मऊ शाफ्ट कापून कडक करता येतो. कडक शाफ्ट मऊ करायला फक्त जड पॉइंट हाताशी उरतो, आणि त्यालाही मर्यादा आहे.

शाफ्ट किती लांबीचा कापू?

आधी कापूच नका.

माझे पहिले बारा कार्बन शाफ्ट ४०० चे होते, धनुष्य ४२ पाउंडांचं. तक्ता कंपाउंडचा होता हे नंतर कळलं. उत्साह एवढा, की घरी आणल्या आणल्या बाराच्या बारा २८ इंचांवर कापून मोकळा झालो. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग. पहिल्या सहा बाणांनी लक्ष्याच्या डाव्या कडेला शिस्तीत रांग लावली. मी महिनाभर हात, बोटं, उभं राहण्याची पद्धत सगळं बदलून पाहिलं. दोष हातात नव्हता, कात्रीत होता. लांब ठेवले असते तर निदान वाचवता आले असते. ते शाफ्ट पुढे ५५ पाउंड ओढणाऱ्या एका मित्राला दिले, त्याच्याकडे ते झकास उडतात.

शाफ्ट जितका लांब तितका तो प्रत्यक्षात मऊ वागतो, आणि हा फरक लहान नाही: एक इंच कापला की साधारण पाच पाउंड जास्त ताकदीच्या धनुष्याला शोभेल इतका तो कडक होतो. म्हणून दोन-तीन शाफ्ट पूर्ण लांबीचे ठेवा, चाचणी घ्या, मग पाव-पाव इंच कमी करत जा. शेवटची लांबी तुमच्या ओढीपेक्षा निदान एक इंच जास्त राहिली पाहिजे. जास्त ओढून टोक मुठीच्या आत आलं आणि बाण हातावर सुटला, तर काय होईल ते सांगायला नको.

आणखी एक. टोकाकडे बघून नेम धरणाऱ्यांना लांब बाण आवडतो, कारण टोक आणि लक्ष्य यांतलं अंतर जवळच्या पल्ल्यावर कमी होतं. त्यामुळे पूर्ण लांबीचा बाण जमून गेला तर तो तसाच ठेवायला काही हरकत नाही. दिसायला जरा लांबुडका दिसतो, एवढंच.

पॉइंट किती जड असावा?

१२५ ग्रेनपासून सुरुवात करा, पण हाताशी १००, १५०, १७५ चे दोन-दोन ठेवा. स्क्रू असलेले पॉइंट फिरवून बदलता येतात आणि शाफ्टला हात न लावता बाण मऊ-कडक करता येतो. पॉइंट जड केला की धक्का बसताना पुढचं टोक जागचं हलायला जास्त वेळ घेतं, शाफ्ट मधे जास्त वाकतो, म्हणजे बाण मऊ वागतो. हलका केला की उलट. कार्बनच्या हलकेपणावरही हाच उतारा आहे, कारण वजन पुढे टाकल्याने बाण स्थिरही होतो.

ग्रेन या मापाची सवय नसेल तर १०० ग्रेन म्हणजे साधारण साडेसहा ग्रॅम.

संपूर्ण बाण किती वजनाचा हवा? हलका बाण लांब जातो ना?

लांब जातो, आणि धनुष्य मोडून जातो. धनुष्यात साठलेली ताकद बाणाने बाहेर न्यायची असते. बाण हलका असेल तर तो पुरेशी नेत नाही. उरलेली धनुष्याच्या भुजांत, दोरीत आणि तुमच्या मनगटात शिरते. बाणाशिवाय दोरी सोडणं धनुष्याला घातक का, याचं कारण हेच आहे. फार हलका बाण म्हणजे त्या दिशेने टाकलेलं पाऊल.

हिशोब दर पाउंडाला किती ग्रेन असा करतात. काचतंतूंचा थर दिलेल्या आधुनिक लाँगबोला ८ च्या खाली जाऊ नका. ९ ते १० वर धनुष्य शांत होतं, हाताला झटका कमी लागतो. नुसत्या लाकडाच्या धनुष्याला १० किंवा त्याहून जास्तच बरं. बनवणाऱ्याने वेगळा आकडा दिला असेल तर तोच खरा.

एक उदाहरण करून बघू. बोटांवर ४५ पाउंड. शाफ्ट २९ इंच, इंचाला ८.२ ग्रेन, म्हणजे सुमारे २३८. अॅल्युमिनियमचा इन्सर्ट (पॉइंट बसवायला शाफ्टच्या तोंडात चिकटवतात ती नळी) १५, नॉक १०, तीन पिसं ९, पॉइंट १२५. बेरीज ३९७. भागिले ४५, म्हणजे ८.८. चालेल, पण हातात खणखणाट जाणवेल. आता इन्सर्ट पितळेचा ५० ग्रेनचा आणि पॉइंट १५० चा करा: ४५७, म्हणजे १०.२. तेच धनुष्य वेगळं वाटायला लागतं. मात्र पुढे ६० ग्रेन वाढल्याने बाण मऊ झाला, हे विसरू नका. एक बदलून बाकी सगळं जागच्या जागी राहत नाही.

एफओसी किती असावा?

बाणाचा तोल मध्यापासून किती पुढे आहे, त्याची ही टक्केवारी. बाण बोटावर तोलून तोलबिंदू नॉकच्या खाचेपासून मोजा, त्यातून अर्धी लांबी वजा करा, उरलेलं लांबीने भागा. २९ इंचांचा बाण १८ इंचांवर तोलला तर ३.५ भागिले २९, म्हणजे १२ टक्के. लाँगबोवर १२ ते १८ च्या दरम्यान कुठेही असाल तर या आकड्याचा नाद सोडा. वजन आणि स्पाइन जमवताना तो आपोआप जमतो.

पिसं लावू की प्लास्टिकची पाती?

पिसं. इथे वाद नाही. बाण शेल्फला किंवा हाताला घासून जातो; पीस दबतं आणि पुन्हा उभं राहतं, प्लास्टिक आदळतं आणि बाणाला लाथ मारतं.

तीन पिसं, चार किंवा पाच इंच लांब, एवढं पुरे. जड पॉइंट आणि नीट जमलेला स्पाइन असेल तर चार इंच भागतात. बोटांची सुटका अजून सफाईदार नसेल तर पाच इंच जास्त चुका पोटात घालतात. पीस पक्ष्याच्या डाव्या पंखाचं की उजव्या, यावर लोक तासन्‌तास बोलतात. फरक पडतो तो एवढाच की एका बाणावर तिन्ही पिसं एकाच पंखाची हवीत, नाहीतर बाण फिरायचा कुठल्या बाजूला यावर तीन पिसांत भांडण लागतं. पिसं किंचित तिरपी किंवा पिळून लावा, बाण लवकर फिरू लागतो.

हातावरून बाण सोडणाऱ्यांनी एक गोष्ट चुकवू नये: पिसाच्या देठाचं पुढचं टोक तासून त्यावर गोंदाचा थेंब ठेवा किंवा बारीक दोरा गुंडाळा. नुसतं टोक राहिलं तर ते बोटात सुरीसारखं घुसतं. एकदा घुसलं की पुन्हा सांगावं लागत नाही. वेगळ्या रंगाचं पीस धनुष्यापासून दूर, बाहेरच्या बाजूला येईल असं नॉक फिरवून घ्या.

भिजल्यावर पिसं आडवी पडतात. वाळली की उभी राहतात. वाफेवर धरली तर लवकर.

बिनपिसांच्या बाणाची चाचणी कशी करायची?

दोन-तीन बाणांना पिसं लावा, दोन तसेच नागडे ठेवा. बाकी सगळं सारखं: लांबी, पॉइंट, नॉक. सुरुवातीला दहा पावलांवरून, नंतर वीस यार्डांपर्यंत मागे जात, आधी पिसांचे सोडा आणि मग बिनपिसांचे. पिसं चूक झाकतात; नागडा बाण खरं बोलतो.

आधी वर-खाली बघा, डावं-उजवं नंतर. बिनपिसांचे बाण पिसांच्या खाली लागत असतील तर दोरीवरची नॉकची खूण फार वर आहे. वर लागत असतील तर फार खाली. लाँगबोवर ही खूण, बाण दोरीशी काटकोन करतो त्या जागेच्या अर्धा ते पाच अष्टमांश इंच वर ठेवून सुरुवात करावी. खाली ठेवून सुरुवात केली तर बाणाचं शेपूट शेल्फवर आपटून उसळतं आणि चाचणी उलटंच काहीतरी सांगू लागते. थोडी वर असलेली बरी.

उंची जमली की आडवं बघा. बिनपिसांचे बाण पिसांच्या डावीकडे जात असतील तर शाफ्ट कडक आहे. उजवीकडे जात असतील तर मऊ. बाण कसा तिरका रुतलाय याकडे फार लक्ष देऊ नका, लक्ष्याचा गठ्ठा त्याला हवं तसं वळवतो. कुठे लागला ते खरं.

एका बाणावरून निकाल लावू नका. बोटं एकदा अडकून सुटली तरी नागडा बाण हातभर बाजूला जातो. सात-आठदा सोडून जो कल वारंवार दिसेल तोच धरा, आणि दमल्यावर चाचणी करू नका. शेवटी बिनपिसांचे बाण किंचित उजवीकडे, म्हणजे थोडे मऊ दिसले तर मी तिथेच थांबतो. पिसं मागे वजन घालतात आणि बाण जरासा कडक वागायला लागतो.

चाचणीत शाफ्ट कडक निघाला. नवे घ्यावेच लागतील का?

लगेच नाही. पॉइंट २५ ग्रेनने वाढवून बघा, मग आणखी २५. पितळी इन्सर्ट घाला. धनुष्याच्या कडेला, बाण घासतो तिथे, चामडं किंवा जाड पट्टी असेल तर ती पातळ करा. बाण मध्याकडे सरकला की थोडा कडक शाफ्टही खपून जातो. मऊ निघाला असेल तर पट्टी जाड करा, पॉइंट हलका करा किंवा पाव इंच कापा. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि वहीत लिहा, नाहीतर तिसऱ्या दिवशी कशाने काय झालं ते आठवत नाही.

एवढं करूनही बाण वीतभर डावीकडेच जात असतील तर हट्ट सोडा. तो शाफ्ट तुमच्या धनुष्याचा नाही.

०.००१ आणि ०.००६ इंच सरळपणाच्या शाफ्टमध्ये फरक जाणवतो का?

बोटांनी दोरी सोडणाऱ्याला नाही. ०.००६ इंच म्हणजे सुमारे ०.१५ मिलिमीटर. आपली सुटकाच त्याच्या कितीतरी पट इकडेतिकडे होते. वाचलेल्या पैशांत चांगली पिसं घ्या.

बारीक शाफ्ट घ्यावा की जाड?

आतून ६.२ मिलिमीटर, म्हणजे ०.२४६ इंच भोक असलेला नेहमीचा शाफ्ट घ्या. त्याचे इन्सर्ट, नॉक, पॉइंट सगळीकडे मिळतात आणि अदलाबदल सोपी जाते. बारीक शाफ्टचं बाहेरचं अंग धनुष्याच्या मध्याजवळ बसतं, वारा कमी लागतो, हे खरं. पण त्याचे सुटे भाग वेगळे, महाग, आणि काही वेळा नाजूक. पहिल्याच संचात त्या फंदात पडू नये.

नॉक घट्ट असावा की सैल?

बाण दोरीला लटकवा. तो लटकून राहिला पाहिजे, आणि दोरीवर बोटाने टिचकी मारल्यावर पडला पाहिजे. टिचकीने पडत नसेल तर घट्ट आहे. चाचणीचे निकाल बिघडवतो. आपोआप पडत असेल तर जास्त धोकादायक, कारण ओढताना बाण दोरीवरून निसटला की नकळत रिकामी दोरी सुटते. कार्बन बाणांचे नॉक बहुधा बारीक दोरीसाठी असतात आणि डॅक्रॉनची दोरी जाड, म्हणून हा प्रश्न लाँगबोवर वारंवार येतो. मधल्या गुंडाळीचा दोरा बदलून जाडी जमवता येते.

इन्सर्ट कशाने चिकटवू?

कायमचे ठेवायचे असतील तर दोन भाग मिसळायचा इपॉक्सी. प्रयोग चालू असतील तर कमी तापमानावर वितळणारा गोंद, आणि तोही पॉइंट किंवा इन्सर्ट तापवून, शाफ्ट कधीच नाही. कार्बनचे तंतू राळेने धरलेले असतात; ज्योतीवर धरलं की राळ जळते आणि टोकाची ताकद संपते. चिकटवण्याआधी शाफ्टचं आतलं भोक खरखरीत कागदाने हलकं घासा आणि स्पिरिटने पुसा. लक्ष्यात अडकून मागे राहिलेल्या इन्सर्टपैकी बहुतेक या पुसण्याच्या आळसाचे बळी असतात.

कापताना वेगाने फिरणारी घासचकती वापरा. लोखंड कापायची हातकरवत किंवा नळ कापायचं हत्यार लावलं की तंतू फाटतात. तोंडाला मास्क हवाच, डोळ्यांना चष्मा. ती काळी भुकटी श्वासात जाऊ द्यायची नाही. झाडू न मारता ओल्या फडक्याने पुसून घ्या.

कार्बन बाण हातात फुटतो म्हणतात. कितपत खरं?

खरं आहे, आणि लाँगबोवर त्याची झळ जास्त, कारण बाण थेट धनुष्य धरलेल्या हाताच्या वर असतो. तडकलेला शाफ्ट दोरीच्या धक्क्याने फुटला तर त्याच्या सुया अंगठ्याच्या मुळाशी घुसतात, आणि त्या काढणं शस्त्रक्रियेचं काम होऊन बसतं.

उपाय साधा आहे, फक्त दर वेळी करावा लागतो. बाण सोडण्याआधी दोन्ही टोकं धरून चेहऱ्यापासून दूर थोडा वाकवा, फिरवून पुन्हा वाकवा, चारही बाजूंनी. मग दोन्ही टोकं उलट दिशांना पिळा. कर्र असा बारीकसा आवाज, एखादा उभा पांढरट ओरखडा, बोटाला लागणारी कूस, एका बाजूला जास्त वाकणं, यातलं काहीही दिसलं तर तो बाण संपला. दगडाला लागलेला, झाडात अडकून खेचून काढलेला, दुसऱ्या बाणाची धडक बसलेला बाण तर न तपासता परत भात्यात टाकायचाच नाही. नॉकच्या टोकाला बसलेली धडक सर्वांत फसवी. नॉक काढून आत बघा.

बाद केलेला बाण मधोमध मोडून टाका. कोपऱ्यात उभा करून ठेवलेला बाद बाण वर्षभराने कुणीतरी भाबडेपणाने उचलतो. दोरे किंवा चिकटपट्टी गुंडाळून तडा झाकू नका, आणि धनुष्य धरणाऱ्या हातात चामडी मोजा घालायची सवय लावा.

लाकडाच्या रेषा छापलेले कार्बन शाफ्ट वेगळे असतात का?

वेगळा असतो तो वरचा थर. काहींचा लेप थोडा जड असतो, त्यामुळे इंचाला ग्रेन जास्त भरतात, आणि आपल्याला ते हवंच आहे. खरेदीआधी तेवढा आकडा बघा. दिसतात देखणे. लाकडी बाणांच्या गटात मात्र पंच ते बोटाने टिचकी मारूनच ओळखतात.

पहिल्यांदा किती घेऊ? आणि दोन धनुष्यांना एकच संच चालेल का?

पहिल्यांदा डझन घेऊ नका. ५०० आणि ६०० चे दोन-दोन सुटे शाफ्ट, वेगवेगळ्या वजनाचे पॉइंट आणि चार नॉक. चाचणीत जो ठरेल त्याचा डझन मग घ्या, शक्यतो एकाच खेपेत, म्हणजे वजनं जुळतात.

दोन धनुष्यांत पाच पाउंडांचा फरक असेल आणि घडण सारखी असेल तर एकच शाफ्ट आणि दोन वजनांचे पॉइंट, असं जमून जातं. एक शेल्फवालं आणि एक हातावरून सोडायचं असेल तर दोन संचच लागतील. ते एकाच भात्यात ठेवणार असाल तर पिसांचे रंग वेगळे ठेवा; नेम धरून उभं राहिल्यावर शाफ्टवरचे आकडे वाचायला कुणी थांबत नाही.